बंद दाराआडचा गोंगाट

२१ मार्च २०२५ ला सकाळी पुतण्याचा फोन आला. मार्चअखेर जवळ आली की निवृत्त बँकवाल्याच्या पोटात अजूनही उगाचच गोळा येतो, त्यामुळे त्या दिवसांत वाजणारा प्रत्येक फोन मला हेड ऑफिसचाच वाटतो. पुतण्या म्हणाला, "काका, आज तीस वर्षं झाली." मी मनातल्या मनात हिशेब मांडला. तीस वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आमच्या घरात कुणाचं लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, कुणी गेलंही नव्हतं. विचारलं, "कशाला रे?"

"सिम्बॉलिकला."

हे नाव ऐकून मी काही क्षण गप्प बसलो. त्याचं कारण शेवटी सांगतो. आधी हे सिम्बॉलिक काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण हा मजकूर वाचणाऱ्या बहुतेक घरांत ते कधी आलं नसणार. आणि आलं असेल तर एखाद्या मुलाच्या बंद दाराआड आलं असणार.

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचं राज्य आहे. उन्हाळ्यात आपल्या कोकणासारखं दमट, घामट, समुद्राकाठचं. तिथे 'डेथ' नावाचा एक बँड होता. डेथ म्हणजे मृत्यूच. त्या बँडचं 'सिम्बॉलिक' हे ध्वनिमुद्रण २१ मार्च १९९५ ला रोडरनर या कंपनीने बाजारात आणलं. नऊ गाणी, साधारण पन्नास मिनिटं. या जातीच्या संगीताला 'डेथ मेटल' म्हणतात. एकट्या या बँडवरून ते नाव पडलं असं नाही, पण या संगीताचा पाया घालणाऱ्यांत या मंडळींचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. त्यांचा १९८७ चा पहिला अल्बम या घराण्याचा आद्यग्रंथच मानतात.

घराणं हा शब्द मी गमतीने वापरत नाही. फ्लोरिडातल्या टँपा शहरात मॉरिस बंधूंचा मॉरिसाउंड नावाचा स्टुडिओ होता. १९८५ नंतरच्या दहा वर्षांत या संगीतातले किती तरी बँड तिथे येऊन आपली गाणी मुद्रित करून गेले. तिकडे स्वीडनमध्ये स्टॉकहोमला सनलाइट नावाचा दुसरा स्टुडिओ, त्यातून निघणारा आवाज वेगळा, करवतीसारखा खरखरीत. जाणकार पोरं चार सेकंद ऐकून सांगतात, हे टँपाचं, हे स्टॉकहोमचं. आपल्याकडे एखादे अण्णा डोळे मिटून "किराणा" म्हणायचे, तसंच. फक्त या अण्णांचे केस कमरेपर्यंत आणि अंगात काळा टीशर्ट.

आता आवाजाबद्दल. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला जी उपमा सुचेल तीच मला सुचली. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी पाइपातून जो घर्रर्र असा आवाज येतो, तसा हा गाणारा गातो. गळ्यात खऱ्या स्वरतंतूंच्या जरा वर आणखी एक पडद्यांची जोडी असते. एरवी गाताना तिचा उपयोग होत नाही, हे लोक ती थरथरवून गातात. नीट तालीम न करता केलं तर घसा बसतो. मागे ड्रमवाला दोन्ही पायांनी दोन पेडल मारत असतो, इतक्या वेगाने की कान सुटे ठोके मोजायचं सोडून देतो. गिटारच्या तारा उतरवून लावलेल्या, त्यामुळे सगळा आवाज जमिनीखालून आल्यासारखा.

हे सगळं आज मी मोठ्या समजुतीने लिहितोय. २००३ साली माझी समजूत निराळी होती.

माझा थोरला भाऊ २००२ मध्ये गेला. सकाळी डबा घेऊन कामाला निघाला आणि गाडीतच कोसळला. सेहेचाळीस वय. वहिनी आणि पुतण्या आमच्याकडे राहायला आले. पुतण्या तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा. तेराव्याला जमलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवून एकच वाक्य सांगितलं, "आता रडायचं नाही, आता तूच घरातला कर्ता." मीही सांगितलं. माझ्याकडून तर जरा जास्तच ठसक्यात गेलं असेल, मी लेखक ना. पोराने मान हलवली आणि खरंच रडला नाही. सगळे म्हणाले, किती समजूतदार!

सहा-आठ महिन्यांनी त्याच्या खोलीतून हा आवाज यायला लागला.

त्याने काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउसमधून एक सीडी विकत आणली होती. त्या दुकानालाही आता टाळं लागून बरीच वर्षं झाली. २०१६ मध्ये ते बंद झालं. सीडीवर किमतीची चिठ्ठी चिकटलेली होती आणि तो आकडा आमच्या घरच्या महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढा होता. बाकीच्या दहा सीडी मित्रांकडून उतरवून घेतलेल्या, वर मार्कर पेनने नावं लिहिलेली. त्याच मित्रांकडून धोबी तलावच्या रंगभवनातल्या 'इंडिपेंडन्स रॉक'च्या गोष्टी ऐकून यायचा. १९८६ पासून तिथे भरणाऱ्या त्या मेळाव्याला जायचा हट्ट त्याने धरला, मी अर्थातच नाही म्हटलं.

त्या सीडीवर बँडचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. ज्या घरातून वर्षापूर्वी तिरडी निघाली, त्या घरात 'डेथ' असं लिहिलेली वस्तू टेबलावर! वहिनीला इंग्रजी बेताचं येतं, पण तेवढा शब्द तिला वाचता येत होता. ती काही बोलली नाही. मी मात्र ठरवून टाकलं की मुलगा हाताबाहेर चाललाय.

मार्च संपत आलेला, शाखेत अनुत्पादक कर्जांची यादी, ऑडिट, रात्री दहाला घरी यायचं, आणि दार उघडताच तो घर्रर्र. एका रविवारी मुलगा क्लासला गेला असताना मी सगळ्या अकरा सीडी गोळा केल्या आणि त्यांची विल्हेवाट लावली. संध्याकाळी त्याला सांगितलं, "वर्षभर अभ्यास, मग बघू." त्याने मान हलवली. तशीच, तेराव्याला हलवली होती तशी.

दोन वर्षांनी बारावीला त्याला शहाऐंशी टक्के मिळाले, आणि माझा निर्णय योग्य होता याचा पुरावा म्हणून मी ते शहाऐंशी टक्के पुढची वीस वर्षं वापरले.

तर या मार्चमध्ये त्या फोननंतरच्या रविवारी तो घरी आला. सदतीस वर्षांचा बाप्या, पुण्यात नोकरी, एक मुलगी. सोबत मोठे हेडफोन आणि गाण्यांचे शब्द छापलेले कागद. म्हणाला, "काका, पन्नास मिनिटं द्या. मध्ये बोलायचं नाही, चहाला उठायचं नाही." कर्ज मागायला येणाऱ्यांनाही मी कधी पन्नास मिनिटं दिली नव्हती. पण बसलो.

आवडलं का, असं विचाराल तर सरळ सांगतो, सगळं नाही. तो आवाज मला आजही पेलत नाही. पण कागद हातात असल्याने शब्द कळत गेले आणि मी चक्रावलो. मला वाटलं होतं, रक्त, कवट्या, सैतान असलं काही असेल. पहिलंच गाणं, ज्याचं नाव अल्बमला दिलंय, ते लहानपणाविषयी आहे! हरवलेल्या भाबडेपणाची आठवण, तिकडे परत जाता येईल का याची तळमळ. हा विषय आपल्या किती कवींनी किती हळुवारपणे हाताळलाय. इथे तोच विषय एक माणूस गळा फाडून सांगतोय, इतकाच फरक. एक गाणं हजार डोळ्यांबद्दल आहे, सतत पाळतीखाली जगण्याबद्दल. १९९५ साली हे लिहिलं गेलं तेव्हा आमच्या सोसायटीत साधी नीट दिसणारी दाराची भिंगसुद्धा नव्हती. आज कॅमेरे किती आणि कुणाच्या दाराकडे तोंड करून लावायचे यावर सर्वसाधारण सभेत हमरीतुमरी होते. 'क्रिस्टल माउंटन' नावाचं गाणं धर्माच्या आडोशाने दुसऱ्यांचा न्याय करणाऱ्या ढोंगाविषयी आहे. ते गाणं शेवटाकडे एकदम वळतं आणि साध्या, बिनविजेच्या गिटारवर जाऊन विसावतं. मी चमकून पुतण्याकडे पाहिलं. त्याने बोटानेच खूण केली, बोलायचं नाही.

शेवटचं गाणं आठ मिनिटांहून मोठं आहे. त्यात आयुष्यभर चाललेल्या शोधाविषयी काही म्हटलंय, आणि मग शब्द संपतात. वाद्यं हळूहळू शांत होत जातात. अर्ध्या तासापूर्वी ज्यांनी माझ्या कानशिलात ढोल बडवले होते, तीच माणसं इतकं निवांत वाजवतायत, यावर विश्वास बसेना. एक गोष्ट मात्र कळली. गोंगाट आधी सोसल्याशिवाय ती शांतता तशी लागली नसती. आपल्याकडे गोंधळाची रात्र जागवलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. संबळ रात्रभर डोक्यात घुमतं आणि पहाटेची आरती झाल्यावर जे निःशब्द वाटतं, ते घरात झोपून उठलेल्याला वाटत नाही.

हे सगळं ज्याने रचलं त्याचं नाव चक शुल्डिनर. गाणारा तोच, गिटार वाजवणारा तोच, शब्द त्याचेच. सात अल्बम काढले, १९८७ ते १९९८, आणि सातही वेळा माणसं बदलली. जुन्या नाटक कंपनीसारखं, मालक-नट तेवढा कायम. 'सिम्बॉलिक'मध्ये ड्रमवर जीन होग्लन होता. त्याला या क्षेत्रात 'अणुघड्याळ' म्हणतात, इतका त्याचा हात लयीला पक्का. दुसरी गिटार बॉबी कोएल्बलची, जो जॅझमध्ये मुरलेला. बेसवर केली कॉनलन. ध्वनिमुद्रण टँपातच, जिम मॉरिसच्या देखरेखीखाली. सुरुवातीच्या काळात हा शुल्डिनरही भयपटांतली रक्तबंबाळ वर्णनंच लिहायचा. मग विशी ओलांडता ओलांडता त्याला त्याचा कंटाळा आला आणि तो माणसांविषयी लिहायला लागला. बँडच्या नावाच्या चिन्हात आधी उलटा क्रॉस होता, तोही पुढे त्याने काढून टाकला. धर्माच्या भांडणाशी आपलं नाव जोडलं जाऊ नये म्हणून. माणूस प्राण्यांवर जीव लावणारा, बागकाम करणारा. संगीतात नसतो तर गुरांचा डॉक्टर किंवा आचारी झालो असतो, असं सांगायचा. शाळा मात्र अर्धवट सोडली होती आणि त्याचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला. (हे वाक्य मी पुतण्याला दोनदा वाचून दाखवलं. जुनी खोड.)

पण मला हलवून सोडलं ते त्याच्या लहानपणाने. तो तीन भावंडांत धाकटा. नऊ वर्षांचा असताना त्याचा सोळा वर्षांचा मोठा भाऊ अपघातात गेला. घर सुन्न. आईवडिलांनी काय केलं असेल? धाकट्याला दुःखातून बाहेर काढायला एक गिटार आणून दिली. शास्त्रशुद्ध शिकवणी लावली, ती त्याला मानवली नाही. वर्षभरातच बंद पडली. त्यांनी 'शिस्त नाही, जिद्द नाही' असं म्हणून गिटार माळ्यावर टाकली नाही. कुणाच्या तरी अंगणात जुन्या सामानाची विक्री चालली होती, तिथून विजेवरची गिटार आणून दिली. सोळाव्या वर्षी, १९८३ मध्ये, त्याने बँड काढला आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव ठेवलं 'डेथ'. भावाच्या मरणाचं काहीतरी चांगलं व्हावं, हा त्या नावामागचा हेतू होता असं सांगतात.

म्हणजे बघा. तिकडे एका घरात मरण आलं, तर आईबापांनी मुलाच्या हातात वाद्य दिलं. इकडे एका घरात मरण आलं, तर काकाने मुलाच्या हातातलं काढून घेतलं.

मी इथे स्वतःला सोलून दाखवण्यासाठी लिहीत नाही. माझ्यासारखे पुष्कळ आहेत म्हणून लिहितो. आपली मुलं काय ऐकतात याची काळजी आपण करतो, करायलाच हवी. पण ती काळजी आपण कानाने करतो, डोळ्याने करतो. आवाज कर्कश, चित्र भेसूर, म्हणजे वाईट. तेच ढोलताशाचं पथक खिडकीखाली चार तास वाजवून गेलं तर तो उत्साह. मुलाला हे का लागतंय, हा प्रश्न विचारायला मात्र सवड नसते. मला तरी नव्हती. ज्या मुलाला सगळ्यांनी मिळून रडायला बंदी केली, त्याने त्याच्या वतीने ओरडणारा कुणीतरी शोधून काढला, हे कळायला मला बावीस वर्षं लागली. मरण या शब्दाला एवढं घाबरण्याचंही काही कारण नव्हतं. ज्या भाषेत तुकोबांनी स्वतःचं मरण पाहिल्याचा अभंग लिहिला, तीच भाषा आम्ही घरात बोलतो. तो अभंग मी भावाच्या तेराव्याला म्हणवूनही घेतला होता. अभंगातलं चाललं, सीडीवरचं नाही चाललं.

उलट बाजूही आहे, ती लपवत नाही. या संगीतात बीभत्सपणाची स्पर्धा करणारे पुष्कळ आहेत. 'कॅनिबल कॉर्प्स' नावाच्या बँडच्या सुरुवातीच्या अल्बमांवर जर्मनीत कित्येक वर्षं बंदी होती आणि त्यांची मुखपृष्ठं मी या रविवारच्या पानावर वर्णन करून सांगू शकत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. पुतण्याने ती दाखवली तेव्हा मी म्हटलं, हे मी आजही घरात ठेवू देणार नाही. तो म्हणाला, मीही माझ्या मुलीच्या खोलीत ठेवणार नाही. तेव्हा निवड करावीच लागते. पण निवड करायची तर आधी ऐकावं लागतं. मुखपृष्ठ पाहून कर्ज नाकारणारा मॅनेजर आमच्या बँकेत टिकला नसता.

आणि संगीताने मुलं बिघडतात, या आरोपाचा एकदा अमेरिकेत कोर्टात निकालही लागला आहे. १९८५ मध्ये नेवाडा राज्यात दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या. 'जुडास प्रीस्ट' या बँडच्या गाण्यात छुपे संदेश आहेत, त्यामुळे हे घडलं, असा दावा घरच्यांनी लावला. १९९० मध्ये न्यायाधीशांनी बँडला जबाबदार धरायला नकार दिला. शुल्डिनर या बँडचा मोठा भक्त. 'डेथ'च्या १९९८ च्या शेवटच्या अल्बममध्ये त्याने त्यांचं एक गाणं गायलंय.

आता या गोष्टीतला माझ्या खात्यातला भाग, म्हणजे पैसा.

या धंद्याचा व्यवहार मी पुतण्याकडून समजून घेतला आणि मला आपल्याकडची उचल आठवली. ऊसतोड कामगाराला मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि मग कोयता चालवून चालवून ती फिटेपर्यंत त्याच्या हाताला फारसं काही लागत नाही. ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्याही कलावंताला अशीच आगाऊ रक्कम देतात. स्टुडिओचा खर्च बहुधा त्यातूनच जातो आणि ती रक्कम कलावंताच्या मानधनातून वसूल झाल्यावरच पुढचा पैसा त्याला दिसायला लागतो. जगभर नाव झालं म्हणजे घर भरलं, असं आपण धरून चालतो. 'सिम्बॉलिक'नंतर शुल्डिनरने हा बँडच गुंडाळून ठेवला आणि दुसरा काढला. मग नव्या कंपनीच्या आग्रहाखातर 'डेथ'च्या नावाने आणखी एक अल्बम केला, इतकंच.

१३ मे १९९९ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवसाच्या दिवशी, डॉक्टरांनी त्याला मेंदूच्या देठाशी गाठ असल्याचं सांगितलं. त्याच वर्षअखेर त्याच्या नव्या बँडचा अल्बम आला, त्याचं नाव होतं, अस्तित्वाची नाजूक कला. जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्कला शस्त्रक्रिया झाली. खर्च सत्तर हजार डॉलरच्या घरात, आणि घरात तेवढे पैसे नाहीत. जगभरच्या चाहत्यांनी, बँडवाल्यांनी कार्यक्रम केले, वस्तू लिलावात काढल्या, वर्गणी गोळा केली. २००१ मध्ये गाठ पुन्हा वाढली. मधल्या काळात त्याने आरोग्यविमा घेतला होता. विमा कंपनीने हात वर केले. का, तर आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे.

हे वाचताना माझ्यातला बँकवाला ताठ बसला. 'आधीपासूनचा आजार' हे दोन शब्द मी किती लोकांच्या तोंडून, टेबलाच्या पलीकडून ऐकलेत! मुलाच्या दवाखान्यासाठी मुदतठेव मोडायला आलेला बाप, हातात नामंजूर झालेला क्लेम, आणि मी त्याला मुदतपूर्व मोडीचा दंड समजावून सांगतोय. अमेरिकेत २०१४ पासून कायद्याने या कारणावरून विमा नाकारता येत नाही. आपल्याकडे नियामकाने २०२४ मध्ये या अटीची जास्तीत जास्त मुदत चार वर्षांवरून तीनवर आणली. पण कलावंत नावाच्या माणसाकडे पॉलिसीच नसते, तिथे मुदतीचं काय? आमच्या शाखेत एक तमाशातले ढोलकीवाले यायचे. सरकारी मानधन जमा झालं का विचारायला. सगळा महाराष्ट्र ज्यांच्या हातावर नाचला होता, ते गृहस्थ पासबुक भरून घ्यायला रांगेत उभे. खात्यात रक्कम आली नसली की मलाच ओशाळं व्हायचं. म्हणून मला वाटतं, कलावंतांच्या संघटनांनी, मग त्या भजनी मंडळांच्या असोत नाहीतर या काळ्या टीशर्टवाल्यांच्या, सत्कार समारंभ आणि शाली थोड्या कमी करून सामूहिक विम्याचे हप्ते भरावेत. शुल्डिनरच्या आईने तेव्हा हेच केलं. मुलाच्या आजाराविषयी कळवताना वाचणाऱ्यांना तिने कळकळीने सांगितलं की विमा काढा.

१३ डिसेंबर २००१ ला तो गेला. चौतीस वर्षांचा. २०१२ मध्ये त्याच्या जुन्या साथीदारांनी त्याची गाणी घेऊन दौरा काढला, तो आजारी संगीतकारांच्या मदतनिधीसाठी.

म्हणजे २००३ मध्ये माझा पुतण्या ज्याचं गाणं ऐकत होता, तो माणूस सव्वा वर्षापूर्वी वारला होता. "हे तुला माहीत होतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "हो. म्हणून तर." पुढे काही बोलला नाही. मीही कागदांची घडी घालत बसलो.

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट.

त्या रविवारी मी त्या अकरा सीडी रद्दीवाल्याकडे घेऊन गेलो होतो. त्याने उलटसुलट करून पाहिल्या आणि परत दिल्या. म्हणाला, "साहेब, ह्याला किंमत नाही." घरी परत आणायच्या तर मुलाला दिसणार. जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांच्या गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता, आणि चकचकीत सीडी दोऱ्याने टांगल्या की कबुतरं येत नाहीत असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. मी सगळ्या देऊन टाकल्या. संध्याकाळपर्यंत त्या गॅलरीत झुलायला लागल्या. मला तेव्हा बरंच वाटलं की वस्तू सत्कारणी लागली.

पुतण्याला हे मी आजवर कधीच सांगितलं नव्हतं. या वेळी, कागदांची घडी खिशात घालताना, सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "कॉलेजला जाता-येता रोज दिसायच्या. सिम्बॉलिक डावीकडून दुसरी होती. सकाळी ऊन आलं की समोरच्या भिंतीवर तिचा रंगीत गोल पडायचा. मी तिथे थांबून चपलेचा अंगठा नीट करायचो."

मी म्हटलं, "मग कधी बोलला का नाहीस?"

तो हसला. "कबुतरं तरी कुठे घाबरत होती काका? शेवटपर्यंत येत होती."

मग त्याने हेडफोन पुन्हा माझ्या कानावर चढवले आणि आत वहिनीला विचारायला गेला, चहा टाकू का म्हणून.